नोटरीची खिंड

फिझाक, ३ मार्च १९९६

प्रिय लेओन्स,

फोन केला नाही म्हणून रागावू नकोस. तू फोनवर बोलत नाहीस, ओरडतोस. आणि टपालखात्यात हयात घालवलेल्या बाईनं पत्रावर भरवसा ठेवायचा नाही तर कुणी ठेवायचा?

मुद्द्यावर येते. तुझ्या मेंढवाड्यापाशी जो रस्ता खालून चढत येतो, त्या चढाला काही नाव आहे का? हसू नकोस, आधी पुढचं वाच.

माझा डावा गुडघा सप्टेंबरात बदलायचा ठरलाय. डॉक्टर म्हणाले, "नंतर सपाटीवर हवी तेवढी सायकल चालवा मादाम, पण चढ विसरा." मी विचारलं, चढ नसेल तर सायकल चालवायची कशाला? आता तुला ठाऊकच आहे, लोक तिकिटं गोळा करतात तशा मी खिंडी गोळा करते. सायकलवरून ओलांडलेल्या शंभर खिंडी झाल्या की शतखिंडी मंडळात नाव लागतं. माझ्या नव्याण्णव झाल्यात. आणि पिरेनीजच्या डोंगरांपर्यंत जायला हा गुडघा आता मुळीच तयार नाही.

आमच्या क्लबातला गिलबेर, ज्याच्या शंभर खिंडी गेल्या वर्षी पूर्ण झाल्या, तो दर रविवारी सगळ्यांसमोर म्हणतो, "ओदेत, नव्याण्णव हा काय आकडा आहे? ही तर चपलांच्या दुकानातली किंमत झाली!" सगळे हसतात. मीही हसते. घरी आल्यावर मात्र रडू येतं, हे फक्त तुला सांगते. माझ्या धाकट्या भावालासुद्धा हे सांगायची वेळ यावी!

तर नियम असा आहे की खिंड छापील नकाशावर हवी, नाहीतर तिथे नावाचा फलक हवा. तुझ्या त्या चढाला जुनं, खरं नाव असेल तर फलक लावता येईल. विचारून कळव.

तुझी,
ओदेत


पेशग्री, ११ मार्च

ओदेत,

बरं केलंस पत्र लिहिलंस. फोनवर मी एवढा हसलो असतो की तू फोन आपटला असतास.

आधी एक सांग. नदीकाठानं सरळ सपाट रस्ता आहे, सावली आहे, वाटेत चांगली खानावळ आहे. असं असताना तुम्ही लोक बोडक्या माळावर घाम गाळत का चढता? वर आहे काय? चुनखडीचे दगड. तुला हवे असतील तर पोतं भरून खाली पाठवतो. माझ्या मेंढ्यांना देवानं अक्कल अशी दिलीच नाही, पण त्यासुद्धा वर गवत असेल तरच चढतात.

असो. तुझ्यासाठी रविवारी चर्चबाहेर चौकशी केली. मला वाटत होतं नाव-बिव काही नसणार. तर आमच्या वेसिएरबाई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या, काठी आपटून म्हणाल्या, "नसणार कसं? तो नोटरीचा चढ!" त्यांच्या आजोबांच्या काळातली गोष्ट. गावातला कुणी म्हातारा मरायला टेकला होता, म्हणून मृत्युपत्र करायला खालून नोटरी आला, घोडागाडीत बसून. चढावर घोडा अडून बसला. नोटरीला उतरावं लागलं, आणि गाडीला मागून ढकलावंही लागलं. म्हातारा खिडकीतून हे सगळं बघत होता. नोटरीची ती चकचकीत जोड्यांतली धडपड बघून तो इतका हसला की बराच झाला, आणि पुढे कितीतरी वर्षं जगला. नोटरी तसाच रिकाम्या हातानं परत गेला.

तेव्हा नाव आहे, जुनं आहे, आणि खरंही आहे. मी गावचा मेयर आहे. तू फक्त हो म्हण, फलक मी स्वतः रंगवतो. रंग आहे घरात, मेंढ्यांवर खूण करायचा निळा.

लेओन्स

ता.क. मेयर असूनही माझं वजन बघ. आमच्या रस्त्यावरचे खड्डे बुजवा म्हणून रस्तेखात्याला दोन वर्षं लिहितोय. अजून एक फावडंसुद्धा आलेलं नाही.


फिझाक, १९ मार्च

प्रिय लेओन्स,

नोटरीची गोष्ट वाचून आनंद झाला, आणि लगेच विरस झाला. चूक माझीच. नाव विचारायच्या आधी मी नकाशा नीट बघायला हवा होता.

खिंड म्हणजे अलीकडेही उतार आणि पलीकडेही उतार. तुझा नोटरीचा चढ वर जातो आणि वरच राहतो. पुढे नुसता माळ, ओकाची खुरटी झाडं आणि दगडी गडगे. तो चढ आहे, खिंड नाही. आमच्यासारखी माणसं यावीत म्हणून काही गावांनी वाटेल तिथे फलक ठोकले होते. मंडळानं ते सगळे बाद केले, आणि ते योग्यच झालं. फसवून शंभर करायच्या असतील तर मग घरी बसूनही करता येतात. आमच्याकडे मोजायला कुणी येत नाही, जो तो आपल्या तोंडानं सांगतो. म्हणूनच तर खोटं बोलता येत नाही.

तेव्हा राहू दे. वेसिएरबाईंना माझा नमस्कार सांग.

आणि लेओन्स, मी तुला पाळण्यापासून ओळखते. पलीकडे उतार हवा म्हणून कुदळ घेऊन खणायला जाऊ नकोस.

ओदेत


पेशग्री, १४ मे

ओदेत,

मी खणलं नाही! आईची शपथ, मी हातसुद्धा लावला नाही. जे झालं ते आपोआप झालं.

पंधरा दिवस काय पाऊस झाला ते तुलाही माहीत आहे. आमच्याकडचं पाणी वाहत नाही, मुरतं, आणि मुरून कुठे जातं ते आजवर कुणालाही कळलेलं नाही. परवा दुपारी आम्ही सूप पीत होतो तेवढ्यात धाडकन आवाज झाला. वेसिएरबाईंना वाटलं पुन्हा जर्मन आले. त्या तळघरात जाऊन बसल्या, वर यायला तयारच होईनात. मी आणि दोघे-तिघे धावत गेलो. बघतो तर चढ संपतो तिथून थोडं पुढे अख्खा रस्ता खाली बसलेला! तुटला नाही, फाटला नाही, पलंगाची नवार सैल व्हावी तसा झोळ पडलाय. खालची पोकळी ढासळली असणार. गाडी आता तिथे आत उतरते आणि पलीकडून वर येते.

समजलं का तुला? उतार झाला! चढाच्या माथ्यावर मी बाटली आडवी ठेवून बघितली. इकडे लोटली तर इकडे घरंगळली, तिकडे लोटली तर तिकडे. एक बाटली फुटली, पण ती रिकामी होती.

गावसभा त्याच संध्याकाळी बोलावली. "नोटरीची खिंड" हे नाव एकमतानं मंजूर. मेंढरांचा व्यापारी मार्सेल विरोधात बोलला. त्याचं म्हणणं, नोटरी धडपडला म्हणून त्याचं नाव द्यायचं, तर तो स्वतः त्याच जागी मोटारसायकलवरून दोनदा पडलाय. वेसिएरबाई म्हणाल्या, "तुझ्या पडण्यानं कोण बरं झालं?" मग त्यानं मुकाट्यानं हात वर केला.

फलक तयार आहे. अक्षरं जरा तिरकी आलीत. कधी येतेस?

लेओन्स


फिझाक, २० मे

लेओन्स,

पत्र तीनदा वाचलं. आधी खोटं वाटलं, मग हसू आलं, मग रात्रभर झोप लागली नाही.

डोकं सांगतं, हा खड्डा आहे. मन सांगतं, सगळ्या खिंडी अशाच कधीतरी कशानं तरी झाल्या असणार, माझी जरा उशिरा झाली. जमिनीनं खचायला जागा शोधली तीही माझ्या भावाच्या दारात, मग मी कोण नाही म्हणणारी? गिलबेरला विचारलं. तो म्हणाला, "नाव जुनं, फलक आहे, दोन्हीकडे उतार आहे. पण मी स्वतः येऊन डोळ्यांनी बघणार." येऊ दे. त्यालाही जरा चढू दे.

आम्ही तीस जूनला, रविवारी सकाळी निघू. डॉक्टरांना कळवलेलं नाही. रोज थोडं थोडं चढून बघते, गुडघा कुरकुरतो पण वळतो.

दोन गोष्टी. रस्तेखात्याला कळवलंस ना? कुणी पडता कामा नये. आणि कृपा करून तमाशा करू नकोस. मला गर्दी नको, हार नको, भाषण तर नकोच नको. एक वाटी लसणीचं सूप पुरे.

ओदेत


पेशग्री, १७ जून

ओदेत,

सगळं उत्तम आहे. रस्ता जसाच्या तसा आहे. रस्तेखात्याची काळजी सोड, त्यांचं माझं बोलणं झालंय. चांगली माणसं आहेत, फक्त जरा घाईची.

पाववाल्याची गाडी हल्ली वर येत नाही. त्याला बहुतेक सुट्टी हवी असावी. आमचं काही अडत नाही. शिळा पाव सुपात जास्त छान लागतो, हे तुला आईनंच शिकवलं होतं.

माझी व्हॅन दुरुस्तीला दिलीय. तशी जुनीच झाली होती.

तमाशा-बिमाशा काही नाही. वेसिएरबाई एक अक्रोडाचा केक करणार आहेत, तेवढंच.

तू ये.

लेओन्स


फिझाक, २ जुलै

माझ्या गाढवा,

हे पत्र पाय उशीवर ठेवून लिहितेय. गुडघा भोपळ्याएवढा झालाय. डॉक्टर मला ओरडून झाले, आता मी तुला ओरडणार आहे.

आधी चढाबद्दल. खालच्या वळणावर गिलबेर मला म्हणाला, "ओदेत, उतरून चालायचं असेल तर लाजू नकोस." मी पेडल मारत राहिले, श्वास जपून वापरायचा होता. ऊन असं की गडग्यांचे दगड डोळ्यांत घुसत होते. तुझ्या त्या डोळ्यांभोवती काळी वर्तुळं असलेल्या, चष्मा लावल्यासारख्या मेंढ्या एका ओळीत उभ्या राहून मला बघत होत्या, परीक्षकांसारख्या. अर्ध्यात डाव्या पायानं साफ नकार दिला. मग मी उजव्यानं ढकलत आणि डाव्याला शिव्या देत चढले. टपालखात्यात शिकलेल्या सगळ्या शिव्या संपल्या, तेव्हा तुझा तो तिरका निळा फलक दिसला. मी उतरले नाही, लेओन्स. एकदाही पाय टेकला नाही. गिलबेर मात्र मागच्या वळणावर उतरला होता, आणि वर येऊन म्हणतो साखळी निसटली.

आणि माथ्यावर काय, तर अख्खं पेशग्री! एक केक म्हणाला होतास ना? मी चार मोजले. पताका, बाकं, मार्सेलचा ॲकॉर्डियन. चाळीस माणसं उन्हात उभी, आणि त्यांतल्या निम्म्यांनी आयुष्यात सायकलवर बूड टेकलेलं नाही. मी पलीकडे तुझ्या त्या उतारात शिरले, बाहेर आले, आणि सगळ्यांनी अशा टाळ्या वाजवल्या की मला रडू फुटलं. शंभर! मला वाटलं, झाल्या.

मग सूप पिताना वेसिएरबाई अगदी अभिमानानं सगळं सांगायला लागल्या. जूनच्या सुरुवातीला रस्तेखात्याची गाडी आली होती म्हणे, खडी आणि डांबर घेऊन. दोन वर्षं तू ज्यांच्या नावानं बोटं मोडलीस, तेच! आणि तू काय केलंस? मेयरचा तिरंगी पट्टा गळ्यात घालून रस्त्यात आडवा उभा राहिलास. म्हणालास, "ही ऐतिहासिक जागा आहे, तीस तारखेपर्यंत हात लावू देणार नाही." आणि ती सगळी खडी शेजारच्या गावाला देऊन टाकलीस! तिथला मेयर अजून तुझ्या नावानं पेला उचलतो म्हणे. पाववाला सुट्टीवर नाही, त्याची गाडी त्या झोळात अडकली होती म्हणून तो येत नाही. तुझ्या व्हॅनचा आस तिथेच मोडला. तुमच्या गावच्या डॉक्टरीणबाई गडग्यामागून आडवाटेनं येतात. आणि हे सगळं वेसिएरबाईंनी मला असं सांगितलं, जणू लग्नाचा आहेर दाखवताहेत.

मी सूप पिता पिता थांबले. तुम्ही सगळे शिळा पाव खात बसला होतात, आणि मला ताजा वाढला होतात. तो कुणी, कुठून आणला हे मी विचारलंसुद्धा नाही.

लेओन्स, मी ती मोजणार नाही. जमीन आपोआप खचली तोवर माझं मन राजी होतं. पण तो रस्ता दुरुस्त व्हायचा होता आणि माझ्यासाठी मोडका ठेवला गेला. आता तो खड्डाच आहे, माझ्यासाठी राखलेला. खड्ड्याला खिंड म्हणून मी मंडळात जाऊन कसं बसू? गिलबेरला मी तिथेच सांगितलं. तो म्हणाला, "वेडी आहेस का? मी कुणाला बोलणार नाही." म्हणजे बघ, तोसुद्धा!

माझ्या नव्याण्णवच. ते लिहिताना वाईट वाटतं, खूप वाटतं, खोटं कशाला सांगू. पण त्या चाळीस माणसांसमोर मी रडले ते खरं होतं, आणि तू मला ट्रॅक्टरमागच्या मेंढ्यांच्या ट्रेलरमध्ये बसवून खाली आणलंस तेही मी विसरणार नाही. सायकल तुझ्या गोठ्यात राहिलीय, राहू दे. आता ती मला लागायची नाही.

गाडी परत बोलाव. आजच.

तुझी,
ओदेत


पेशग्री, ६ जुलै

ओदेत,

म्हणजे आम्ही सगळे मूर्ख.

तुझं पत्र मी चर्चबाहेर वाचून दाखवलं. वेसिएरबाई उठून घरी गेल्या आणि दार लावून घेतलं. मार्सेल म्हणाला, "तुझी बहीण लहानपणी खेळतानाही, कुणी बघत नसलं तरी, स्वतःला बाद करत असणार." मला राग आला, कारण तो खरं बोलत होता.

तू चढलीस. आम्ही सगळ्यांनी बघितलं. तुझा तो मोडका पाय घेऊन, त्या उन्हात. आणि आता कुणीतरी कुठेतरी कागदावर लिहिलंय म्हणून ते झालंच नाही? तुम्हा सायकलवाल्यांना सपाट रस्ता चालत नाही, तयार खिंड चालत नाही, मग तुम्हाला हवंय तरी काय?

मी गाडी बोलावणार नाही. फलकही काढणार नाही. आमचा खड्डा आहे, आम्हाला हवा तेवढे दिवस ठेवू.

लेओन्स


पेशग्री, २१ सप्टेंबर

ओदेत,

ऑपरेशन झालं, नवा गुडघा बसला, असं तुझ्या शेजारणीकडून कळलं. तुझ्याकडून नाही कळलं, कारण मीच अडीच महिने पत्र लिहिलं नाही. माझं तोंड फुगलं होतं. आता उतरलं.

रस्तेखात्याची गाडी सोमवारी येणार आहे. मीच बोलावली, माफी मागून. हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंना आडवाटेनं यायला लावणं बरं नाही. गाडी बोलाव, हे तूच आधी सांगितलं होतंस. पण गाडी यायच्या आधी एक काम उरलं होतं, ते काल उरकलं.

तुझी सायकल गोठ्यातून काढली. ती कशी थांबवतात हेही मला माहीत नव्हतं. मार्सेलनं खाली नदीपर्यंत नेऊन सोडलं आणि म्हणाला, "आता ये." तुझी बसायची जागा म्हणजे चाकूचं पातं आहे, ओदेत. एवढी वर्षं तू त्यावर कशी बसलीस? पहिल्या वळणावर मी पडलो. दुसऱ्या वळणावर उभ्या उभ्या पडलो, सायकल हललीसुद्धा नव्हती. नोटरीला घोडा होता, निदान शिव्या द्यायला. मेंढ्या बघत होत्या. मेयरला असं बघणं मेंढ्यांनाही शोभत नाही.

पण वर गेलो. ढकलत नाही, बसून गेलो. पडलो की परत थोडं मागे जाऊन तिथूनच सुरू केलं, कारण मला वाटलं तू असंच केलं असतंस. माथ्यावर वेसिएरबाई काठी टेकून उभ्या होत्या. मग पलीकडच्या उतारात उतरलो, म्हणजे शिरलो, म्हणजे कोसळलो. कोपराला टाके पडलेत. पण ते दुसऱ्या बाजूचे आहेत. दोन्हीकडे उतार आहे याचे पुरावे माझ्या अंगावर आहेत.

तर आता ऐक. मी तुझ्या मंडळाचा सभासद नाही. तुमच्या नियमांवर मी सही केलेली नाही. माझ्यासाठी गाडी कुणी अडवली नाही, माझ्यासाठी कुणी शिळा पाव खाल्ला नाही. मी माझ्या गावची खिंड ओलांडली, ती जेव्हा होती तेव्हा. ती माझी आहे आणि मी ती मोजतो.

तुझ्या नव्याण्णव. माझी एक. बेरीज तूच कर, टपालखात्यात होतीस.

तुझा,
लेओन्स


फिझाक, रुग्णालय, २६ सप्टेंबर

लेओन्स,

नर्सला वाटलं काहीतरी वाईट बातमी आली, मी एवढी रडत होते. मग तिला वाटलं मला वेड लागलं, कारण मी हसायला लागले. टाके दुखतात, तरी थांबवता येईना.

अशी बेरीज चालत नाही. ज्याच्या खिंडी त्यानंच ओलांडायच्या असतात, हा पहिलाच नियम आहे, आणि तो मी कधीही मोडणार नाही. मंडळात माझं नाव लागणार नाही. हे तुला स्पष्ट सांगून ठेवते.

दुपारी गिलबेर आला होता, क्लबाची सगळी मंडळी घेऊन. द्राक्षं आणली, फुलं आणली. पण त्याला राहवेना. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून, सगळ्यांसमोर, त्याच त्या आवाजात म्हणाला, "मग ओदेत, शेवटी आकडा कुठे थांबला?"

मी उशीला टेकून ताठ बसले आणि म्हणाले, "आमच्या घरात शंभर."

तुझी,
ओदेत